आधी नदी, मग डोंगर

आमच्या घरापासून नदी चालत सात मिनिटांवर आहे. इथे नेदरलँड्समध्ये तिला मास म्हणतात, मास्ट्रिख्टमधला मास तो हाच, आणि हीच नदी वर फ्रान्समध्ये म्यूज असते. सहा वर्षं मी तिच्या पुलावरून ऑफिसला जातो-येतो. रुंद, संथ, दोन्ही बाजूंना दगडी काठ बांधलेले, मधून बार्ज चाललेली. एकदा व्हिडिओ कॉलवर आण्णांना दाखवली तर त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "ही नदी आहे का कालवा?"

आण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, पण आण्णांनी आयुष्यभर तेच काम पगार घेऊन केलं. आम्ही कऱ्हाडचे, त्यामुळे नदीच्या बाबतीत आमच्या घरात जरा माजच आहे. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात, असला संगम दुसरीकडे कुठे नाही हे आम्हाला पोलिओच्या डोसाबरोबर पाजलेलं असतं. तर त्या "कालवा का" वर मला उगाच लागलं, जणू काही नदी माझ्याच मालकीची आहे. म्हटलं, सायकलने वर जाऊन बघूया ही बाई कुठे नदी असते ते.

उगम लांग्रच्या पठारावर आहे, तिथपर्यंत जायला मला रजा नव्हती. पण मध्ये आर्देन लागतं. फ्रान्सच्या ईशान्येला, बेल्जियमला चिकटून, डोंगर म्हणावेत तर सगळ्यात उंच टोक जेमतेम पाचशे मीटरचं आणि टेकड्या म्हणाव्यात तर पायाचे तुकडे पडतात असा प्रदेश, सगळं रान, आणि त्या रानातून म्यूज वाट काढत चाललेली. शार्लव्हिल-मेझिएर ते झिव्हे हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर चाळीस-बेचाळीस किलोमीटर भरतं. नदीकाठाने गेलं तर 83. म्हणजे नदी दुप्पट चालते. दोन पावलं पुढे जायचं, मग काहीतरी विसरल्यासारखं मागे फिरायचं, मग परत पुढे.

याचं कारण मला फार आवडलं. सपाट जमिनीवरून वाहणारी नदी अशी निवांत वळणं घेते, हे बरोबर आहे, पण डोंगरात? तर म्यूज आधीची आहे आणि डोंगर नंतरचा. ती आपली मजेत वळत-वेढत वाहत होती आणि तिच्या खालची जमीनच हळूहळू वर यायला लागली, तर तिने वळणं सोडली नाहीत, आहेत तशीच खाली कापत गेली. आता दोन्ही बाजूंना अडीचशे-तीनशे मीटरची भिंत आणि तळाशी तीच जुनी सवय. वर तिच्या नशिबी चोरीसुद्धा आहे. मोझेल नदी पूर्वी हिला येऊन मिळायची, ती दुसऱ्या खोऱ्याने पळवली. हे सगळं मी आण्णांना फोनवर सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले, म्हणजे त्यांना पटलं.

नदीकाठाने 83 किलोमीटरची जी वाट आहे ती सायकलवाल्यांत फेमस आहे. व्होआ व्हेर्त म्हणतात, हिरवी वाट, जुन्या काळी घोडे काठावरून चालत बोटी ओढायचे त्या वाटेवर गुळगुळीत डांबर. पोरंबाळं, आजी-आजोबा, इलेक्ट्रिक सायकली, सगळे सुखात चाललेले असतात. मी तिची बदनामी करत नाही, सुंदरच आहे. पण दोन तास चालवल्यावर माझ्या लक्षात आलं की नदीकाठाने जाताना नदी दिसतच नाही. पाणी दिसतं. पुढचं वळण दिसतं. नदी बघायची तर तिच्यापासून लांब, वर जायला लागतं, आणि वर जायला डांबर नाही.

तिथे ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या वाटांवरचं सायकलिंग, कामाला येतं. ग्रॅव्हल म्हटलं की आण्णांच्या डोळ्यासमोर रस्त्याकडेला ढीग मारून ठेवलेली काळी खडी आली. "खडीवर सायकल चालवतोस? घसरून पडशील." मी म्हटलं, आण्णा, पाणंद. मग एका शब्दात कळलं. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवताचा पट्टा, कुठे मुरूम, कुठे नुसता दगड, पावसाळ्यात राडा. फरक एवढाच की आपली पाणंद उसाच्या फडात जाते आणि इथली ओक, बीच आणि बर्चच्या रानात. सायकल दिसायला रेसिंगची, तसंच वाकडं हँडल, पण टायर माझे 45 मिलिमीटरचे, हवा कमी ठेवायची म्हणजे दगडावरून जाताना दात वाजत नाहीत, आणि पुढे दात्यांचं एक छोटं चक्र असलेलं बरं, इथल्या चढांना लाज सोडून गोगलगायीच्या गिअरमध्येच बसायचं असतं.

असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारची सुट्टी धरून चार दिवस काढले. मास्ट्रिख्टहून ट्रेनने बेल्जियममधलं दिनाँ, तिथून पुढे झिव्हेपर्यंत पॅसेंजर रेल्वे बंद पडून कैक वर्षं झाली, म्हणून ते वीस-बावीस किलोमीटर सायकलवर, आणि झिव्हेहून परत फ्रेंच लोकल ट्रेन. ती दरीच्या तळातून नदीला कधी डाव्या तर कधी उजव्या हाताला घेत जाते. लेफूरपाशी खिडकीतून एक प्रचंड कडा दिसतो, दाम द म्यूज, म्यूजच्या बायका. नवरे क्रुसेडवर गेले, मागे तिघी बायकांनी नको ते केलं आणि देवाने त्यांचा दगड केला अशी गोष्ट आहे. आपल्याकडे अहिल्या, इकडे या तिघी. शिळा व्हायचं काम कुठेही गेलं तरी बायकांकडेच.

माँतेर्मे हे गाव नदीच्या एका वळणात घोड्याच्या नालात बसवल्यासारखं बसलंय. मुक्काम तिथे. गुरुवारी संध्याकाळी पोचलो तर सुट्टीमुळे सगळं बंद, एका दारात उजेड दिसला तिथे मादामने विचारलं की काकास आहे, चालेल का. काकास आ क्यु न्यू. नावाचा अर्थ चारचौघांत सांगायचा झाला तर "उघड्या बुडाचा काकास". बटाटे आणि कांदे जाड बिडाच्या भांड्यात मंद आचेवर शिजवायचे, भांड्याला आतून डुकराच्या चरबीचा नुसता हात फिरवायचा, मांस घालायला पैसे नाहीत म्हणून बूड उघडं. गरिबाघरचं जेवण, आता मेनूत लिहून युरोत मिळतं. आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी आई बटाट्याची अशीच कोरडी भाजी करायची, तिला मात्र असलं बिनधास्त नाव द्यायची कुणाची हिंमत नव्हती.

शुक्रवारी सेम्वा नदीच्या खोऱ्यात. ही बेल्जियममधून येते, सीमा ओलांडली की स्पेलिंगचा शेवट बदलते, उच्चार तोच, आणि माँतेर्मेपाशी म्यूजला मिळते. खाली सोपी वाट आहेच, मी वर जंगलातून गेलो आणि तिलेच्या पुढे उतरलो. उतरताना दरीतून एक आवाज यायला लागला, धप्प, मग थोड्या वेळाने परत धप्प, छातीत जाणवेल असा. मला वाटलं सुरुंग. खाली गेल्यावर कळलं, घण. इतक्या आडबाजूच्या, कॅलेंडरवरच्या फोटोसारख्या दरीत अजून लोखंड ठोकणारे कारखाने आहेत, लाल तापवलेला तुकडा साच्यात ठेवून वरून घण पाडायचा.

हे सगळं खोरंच लोहारांचं. वर रान होतं म्हणून कोळसा होता, पाणी होतं म्हणून चाकं फिरत होती, आणि घराघरात खिळे ठोकायचे. त्यात भाता हलवायला माणूस परवडत नसे म्हणून कुत्रा. मोठं लाकडी चाक, त्याच्या आत कुत्रा पळायचा, चाक फिरलं की भाता चालायचा. चित्र बघितलं तेव्हा आधी हसू आलं, मग त्या कुत्र्याची मान आणि लोंबलेली जीभ नीट बघितली आणि संध्याकाळच्या शेवटच्या चढावर, सोळा टक्क्यांच्या, मला तोच आठवत राहिला. मी निदान हौसेनं पळत होतो.

ग्रॅव्हलवाल्यांचा एक गैरसमज असतो, माझाही होता, की या वाटा म्हणजे निसर्ग. यातली एकही वाट फिरायला म्हणून पाडलेली नाही. कोळसेवाल्यांच्या, ओंडकेवाल्यांच्या, पाटीच्या दगडाच्या खाणीच्या वाटा आहेत या. आणि शेतीच्यासुद्धा, यावर माझा विश्वास बसला नसता. इथले लोक रानाचा एक तुकडा तोडायचे, उरलेल्या काटक्याकुटक्या पसरून जाळायचे, त्या राखेत राय नावाचं धान्य पेरायचे, एखादं पीक घ्यायचे आणि मग जागा सोडून द्यायचे, बुंध्यांना परत फुटवे येईपर्यंत. सार्ताज म्हणतात त्याला. आपल्या घाटमाथ्यावर कुमरी म्हणतात तेच की हे. म्हणून इथला ओक उंच सरळ खांबासारखा नसतो, एका बुडातून चार-पाच बारीक खोडं निघालेली असतात, तोडून तोडून तसा झालाय.

शनिवार हा खरा दिवस. माँतेर्मेहून रॉक ला तूरपर्यंत चढ, नदी दीडशेच्या आत आणि तो खडक चारशेच्या वर. सुरुवातीला जंगलखात्याचा रस्ता, लोखंडी आडवा बार, त्याच्या बाजूने सायकल कलती करून काढायची. नंतर पांढरट दगड. शिस्ट या थराथराच्या खडकाच्या ओल्या चिपा चाकाखाली कौलं सरकावीत तशा सरकतात, उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून बुड सीटवर टेकवूनच, नाक हँडलजवळ आणून, हळू. मे महिना, बीचला नवी पालवी, इतकी पातळ की उजेड तिच्यातून गाळून खाली येत होता, कडेला पिवळ्याधमक फुलांची झुडपं, आणि जमीन जागोजागी नांगरल्यासारखी उकरलेली, रानडुकरं. डुक्कर हा इथला मानाचा प्राणी, हायवेवर त्याचा पन्नास टनांचा पुतळा उभा केलाय. मला एकही जिवंत दिसलं नाही, याचं वाईट वाटलं नाही.

वर गेलं की एकदम रान संपतं आणि खडकांचे सुळके, एकावर एक रचून अर्धवट सोडल्यासारखे. सैतानाने एका रात्रीत किल्ला बांधून द्यायचा करार केला होता आणि शेवटचा दगड बसायच्या आत कोंबडा आरवला. आपल्या कोकणातही अर्धवट राहिलेल्या देवळांची हीच गोष्ट सांगतात, फक्त तिथे बांधणारे पांडव असतात. पलीकडे, बोन्यी गावाच्या वर, दंतकथेतल्या एम्याँच्या चार मुलांचा पुतळा आहे, बायार नावाच्या एकाच घोड्यावर चौघं भाऊ बसून शार्लमेन राजाच्या फौजेला चकवत या रानात पळत होते. राजाने शेवटी घोड्याच्या गळ्यात जातं बांधून त्याला म्यूजमध्ये बुडवलं, घोड्याने जातं फोडलं आणि रानात निघून गेला. आपल्याकडे ट्रिपल सीटला पावती फाडतात, बायारवर चौघं.

आणि तिथून मला नदी दिसली. सगळी नाही, एक तुकडा इथे चकाकतोय, एक तिकडे, मध्ये डोंगराची सोंड, आणि दोन्ही तुकडे एकाच नदीचे आहेत हे डोळ्यांना पटत नाही. उजवीकडचं पाणी डावीकडे पोचायला बराच वेळ घेणार, मी धारेवरून दहा मिनिटांत जाईन. तरी मी तिच्यापेक्षा घाईत, असं काहीतरी वाटलं. मग केळं खाल्लं.

1940 मध्ये याच रानावर भरवसा टाकून फ्रेंच सेनापती निर्धास्त होते, आर्देनमधून जर्मन रणगाडे यायचे नाहीत. 13 मे ला ते नदीवर हजर. माँतेर्मेच्या वळणात त्यांना 15 तारखेपर्यंत अडवून धरणाऱ्यांत मादागास्करहून आणलेले मशिनगनवाले होते. कुठलं मादागास्कर, कुठली म्यूज. दुसऱ्याच्या नदीसाठी मरायला पाठवलेल्यांची यादी काढली तर आपल्या सातारा जिल्ह्यातली गावंच्या गावं निघतील, म्हणून मला ते वाचून पुढे सरकता आलं नाही.

पुढचा टप्पा ॲपने "ग्रॅव्हल, सोपं" म्हणून दाखवलेला. प्रत्यक्षात वळणामागे रानच गायब. डोंगराचा अख्खा उतार बोडका, बुंधे, चिखल, ट्रकच्या चाकांचे गुडघाभर चर आणि कडेला ओंडक्यांची दुमजली चवड. स्प्रूसची झाडं, माणसांनीच ओळीत लावलेली, 2018 पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत अशक्त झाली आणि सालीखाली शिरणाऱ्या भुंगेऱ्याने खाल्ली. पडलेल्या सालीचा एक तुकडा उलटा करून बघितला. आतून नक्षी, मधली एक सरळ रेघ आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना फुटलेल्या बारीक रेघा, वारली चित्रातल्या झाडासारखी. इतक्या सुबक कामाने डोंगर उघडा पडलाय. अर्धा तास सायकल खांद्यावर. त्या गवतात बहुतेक गोचीड लागली, रात्री पोटरीवर सापडली, इकडे तिला लोक फार घाबरतात आणि बरोबर आहे, चिमट्याने हळूच सरळ ओढून काढायची, पिरगाळायची नाही.

रव्हँ गावाच्या वर, झाडीत, ले मानीझ. जून 1944 मध्ये इथे लपलेल्या 106 क्रांतिकारकांना जर्मन सैन्याने मारलं, बहुतेक सगळी विशी-पंचविशीतली पोरं. स्मारक आहे, नावं आहेत. मी हेल्मेट काढून थोडा वेळ उभा राहिलो. तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं, सायकलचं मागचं चाक टिकटिक करत फिरायचं थांबलं तेव्हा एकदम शांत झालं.

रव्हँकडे उतरताना टायर गेला. दगड लागला तोच मुळी पाटीचा. शाळेतली दगडी पाटी फुटली की तिला जी धार यायची ती ज्यांना आठवते त्यांना सांगायला नको, टायरच्या बाजूला बोटभर चीर, आतलं भोक बुजवायचं पांढरं औषध पिचकारीसारखं माझ्या पायावर. ट्यूब होती, पण चिरेतून ट्यूब बाहेर डोकावते. मग जुना उपाय, नोट. खिशात पाचची आणि पन्नासची होती. पाचची दुमडून चिरेला आतून लावली, ट्यूब भरली, आणि पुढचा सगळा प्रवास ती नोट माझ्याबरोबर गोल गोल फिरली. घरी आल्यावर बाहेर काढली तर चुरगळली होती पण फाटली नव्हती. ती अजून ठेवलीय.

पाणी संपलेलं. रव्हँच्या आधी एक वस्ती लागली, माणूस नाही, दुकान नाही. फ्रान्समध्ये सायकल चालवणाऱ्यांना माहीत असतं की पाणी हवं तर स्मशानात जायचं. थडग्यांवरच्या फुलांना घालायला तिथे नळ असतोच. पहिल्या वेळी मला फार कसंतरी झालं होतं, स्मशानातलं पाणी प्यायलो हे आईला अजूनही सांगितलेलं नाही. आता फाटक बघितलं की तहान लागते.

रव्हँपाशी नदी एक नाही, दोन वळणं घेते, आणि त्यांच्या मधल्या बारीक चिंचोळ्या जागेतच गावाचा जीव गोळा झालेला. पलीकडच्या डोंगराच्या पोटात वीजकेंद्र आहे. आण्णांना त्या रात्री तेच आधी सांगितलं. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा पाणी पंपाने वरच्या तलावात चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं, 800 मेगावॉट. "म्हणजे आपल्या घाटघरसारखं," आण्णा ताबडतोब म्हणाले, आणि मग वीस मिनिटं त्यांनी मला घाटघर समजावून सांगितलं. मादामच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या तरी खानावळीत माझं जेवण गार होत होतं.

रविवारी फ्युमे. शेकडो वर्षं इथून पाटीचा दगड निघाला, छपरांसाठी, 1971 मध्ये खाणी बंद पडल्या. मला स्लेट म्हणजे काळी एवढंच माहीत, इथली जांभळी असते. रात्री पाऊस झाला होता, उतारावरून बघितलं तर गावाची सगळी छपरं ओली, पिकलेल्या जांभळाच्या रंगाची, आणि नदी त्यांना तिन्ही बाजूंनी धरून बसलेली. याच दरीतून ऑक्टोबर 1870 मध्ये, सोळा पुरे व्हायच्या आत, शार्लव्हिलचा आर्थर रँबो घरातून पळून फ्युमे, व्हिरो, झिव्हे करत, बरंचसं पायी, बेल्जियममधल्या शार्लरुआला गेला. कवी म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. मला त्याचे पाय आठवले. जन्मभर चालत राहिलेला माणूस, 1891 मध्ये त्याचा पाय कापावा लागला आणि त्याच वर्षी गेला, सदतिसाव्या वर्षी, आता शार्लव्हिललाच पुरलेला आहे.

शेवटचे किलोमीटर मी निमूट खालच्या डांबरी वाटेने काढले, पाचच्या नोटेवर आणखी दगड नकोत म्हणून. शो गावाच्या वळणात अणुवीज केंद्राचे दोन टॉवर वाफ सोडत होते, खाली एक माणूस छत्री लावून मासे धरत बसला होता, दोघांचं एकमेकांशी काही भांडण नव्हतं.

घरी येऊन सगळे फोटो आण्णांना पाठवले. कड्यांचे, रॉक ला तूरचे, जांभळ्या छपरांचे. सगळ्यांवर अंगठा आला. सेम्वा आणि म्यूजच्या संगमाच्या फोटोवर मात्र फोन आला.

"ह्या दोघी कशा मिळतात? समोरासमोर येतात का?"

"नाही आण्णा. ती आपली बाजूनं येते."

"बाजूनं?"

"हो, साधीच."

"मग ठीक आहे," आण्णा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.